लेखकु जाहला

आमच्या समोरच्या घरात अकरावीत शिकणारी एक मुलगी राहते. गेल्या वर्षी परीक्षांच्या दिवसांत सोसायटीच्या ग्रुपवर एक निरोप फिरत होता: दृष्टिहीन विद्यार्थ्याला लेखनिक हवा आहे, बी.ए.चा मराठीचा पेपर, वेळ सकाळची. तिनं आईलाही न विचारता 'मी येते' असं लिहून टाकलं आणि ठरल्या दिवशी गेली. संध्याकाळी माझ्याकडे आली ती गप्प गप्पच. मी भाजी निवडत होते. समोर बसून तिनं मेथीची जुडी सोडली, पानं खुडायला लागली आणि बऱ्याच वेळानं म्हणाली, "मावशी, एक विचारू?" पेपरात ज्ञानेश्वरीच्या रचनाकाळावर प्रश्न होता. त्या दृष्टिहीन दादानं उत्तर सांगितलं, शके १२०२. तिचे आजोबा रोज संध्याकाळी ज्ञानेश्वरीतल्या निवडक ओव्या म्हणतात, त्यामुळे 'शके बाराशतें बारोत्तरें', म्हणजे १२१२, हे तिला झोपेतही म्हणता येईल. तिचा हात थांबला. दादानं विचारलं, "लिहिलंस का?" लेखनिकानं सुचवायचं नाही, सुधारायचं नाही, कानावर पडेल तेच कागदावर उतरवायचं, हे तिला आधीच बजावलेलं होतं. तिनं १२०२ लिहिलं. "मला बरोबर येत होतं, मावशी. तरी मी चूक लिहिलं. मी बरोबर केलं का?"

नियम तोच आहे आणि तो योग्य आहे, एवढं मी सांगितलं. तिला ते पुरलं नाही, मलाही नाही. त्याच संध्याकाळी जिन्यात तिच्या आईला शेजारचे एक गृहस्थ भेटले. तासाला किमान वीस मिनिटं जास्तीची मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा, हे ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "आणि हे सगळं फुकट?" मग समजावणीच्या सुरात, "सवय लावू नका तिला. फुकट दिलेल्याची किंमत राहत नाही." माणूस वाईट नाही. स्वतःच्या मुलीलाही त्यांनी हेच सांगितलं असतं, मायेनंच सांगितलं असतं. पण तिचा प्रश्न आणि यांचं वाक्य, दोन्ही त्या रात्री माझ्याबरोबर जागे राहिले.

तिला ज्या ओवीतलं साल ठाऊक होतं, तिचा उरलेला अर्धा भाग आपण म्हणतो, पण त्यावर थांबत नाही. 'शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें । सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥' अठराव्या अध्यायाच्या अगदी शेवटी, पसायदान होऊन गेल्यावर, ग्रंथ हातावेगळा करताना हे नाव येतं. जवळजवळ नऊ हजार ओव्यांचं काम. सांगणारा जेमतेम पंधरा वर्षांचा, आणि ऐकून उतरवणारा हा दुसरा माणूस. नेवाशाला मी गेले होते तेव्हा प्रवरेकाठच्या त्या पैस खांबाभोवती दर्शनाला बरीच गर्दी होती. ज्ञानदेव याच खांबाला टेकून बसले म्हणून लोक त्यावर डोकं टेकवत होते, बायका हातानं खांब चाचपत होत्या, बाहेर उन्हात उसाचे ट्रॅक्टर धडधडत होते. मी मात्र त्या खांबासमोरची जागा पाहत राहिले. तिथं कुणीतरी मांडी घालून बसलं असणार. मांडीवर फळी, हाताशी बोरू, दौतीतली शाई कमी होत चाललेली. मुलगा डोळे मिटून बोलतो आहे आणि उपमेमागून उपमा येते आहे. समोरच्या माणसाला 'थांब' म्हणायची सोय नाही, कारण प्रवाह मोडेल. मागे पडायचीही सोय नाही, कारण ओवी हरवेल. या बाबांची कथा परंपरेत आहे, मृत्यूच्या दारातून ज्ञानदेवांनी त्यांना परत आणल्याची. ती मानावी, न मानावी. माझ्यापुरतं त्यांचं मोठेपण त्या बैठकीत आहे. अक्षर त्यांच्याकडे होतं, आणि ते त्यांनी दुसऱ्याच्या बोलण्याला दिलं.

आपल्या संतांच्या कवितेत देण्याविषयी पुष्कळ आहे. 'आम्हां घरीं धन शब्दाचींच रत्नें' म्हणणारे तुकोबा पुढे लगेच 'शब्दें वाटूं धन जनलोकां' म्हणतात. पण हे वाटप प्रत्यक्षात कसं झालं, कुणाच्या हातांनी झालं, हे जनाबाईच्या नावावरच्या एका अभंगात जितकं उघड दिसतं तितकं मला कुठे दिसलं नाही. त्या अभंगात तत्त्वज्ञान काही नाही. कुणाचे अभंग कुणी लिहून घेतले, त्याची ती साधी नोंद आहे. 'निवृत्तीचे बोल लिहिले सोपानें । मुक्ताईचीं वचनें ज्ञानदेवें ॥' म्हणजे ज्याची ओवी सच्चिदानंदबाबांनी लिहिली, तो स्वतः धाकट्या बहिणीपुढे बोरू घेऊन बसत होता. चांगदेवांचा लिहिणारा शामा कासार. सावता माळ्याचा काशिबा गुरव. आणि चोखामेळ्याचा अनंतभट्ट. शेवटी जनी आपल्यापाशी येते आणि सहज सांगते की माझा लिहिणारा पांडुरंग. दळताना, कांडताना तो तिच्याजवळ असायचाच. लिहिणं हे त्याच्या लेखी दळण्यासारखंच आणखी एक काम झालं असावं.

ही यादी मी पुन्हा पुन्हा वाचते आणि दर वेळी मन एका जागी ठरत नाही. पहिल्यांदा भरून येतं. ज्याला देवळाची पायरी ओलांडू दिली नाही, त्याच्यासमोर एक भट कान देऊन बसला होता, त्याचा शब्द पडू देत नव्हता. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंतीखाली गेले. त्यांचं बोलणं भिंतीखाली गेलं नाही, कारण ते आधीच कुणाच्या तरी पानावर, कुणाच्या तरी ओठांवर पोचलं होतं. आणि मग दुसरी गोष्ट टोचायला लागते. चोखोबांना दुसऱ्याच्या हाताची गरज का पडावी? 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा' असं ज्याला सुचतं त्याला अक्षर गिरवणं जड जाणार होतं का? ते त्यांच्यापासून राखून ठेवलेलं होतं, म्हणून अनंतभट्टाची गरज पडली. लिहून देणारा हात मोठा आहे यात शंका नाही. पण तो हात लागतो, याचाच अर्थ आधी कुणीतरी काहीतरी अडवून धरलेलं असतं.

दोन्ही खरं आहे.

माझी आत्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी राहायची. सातवीपर्यंत शिकलेली. त्या काळी आमच्या वाडीत बायांमध्ये तेवढं शिक्षण तिचंच. घराघरातला पुरुष मुंबईला, गिरणीत. महिन्याला मनीऑर्डर यायची, तिच्या खालच्या चिठोऱ्यावर चार शब्द असायचे आणि त्या चार शब्दांना उत्तर द्यायला वाडीतल्या बाया आत्याकडे यायच्या. दुपारची जेवणं आटोपली, भांडी घासून झाली की पडवीत एकेक जण येऊन बसे. पडवी शेणानं सारवलेली, पावसाळ्यात तिला ओलसर वास यायचा. आत्या निळं आंतरदेशीय पत्र पाटावर सपाट करायची, तळहातानं त्याच्या घड्या दाबायची आणि विचारायची, "हां, बोल." समोरची बाई बोलायची नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची. मग "लिव गो बाय, हितं समदी बरी हाईत" इथून सुरुवात व्हायची. म्हैस व्याली. लावणी आटपली. थोरल्याची फी भरायची आहे. छपराची कौलं फुटली आहेत, गळतंय. पत्ता लिहायची वेळ आली की खरी पंचाईत, कारण नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? "धाकल्याच्या बापसाला" एवढंच सांगून बाई कनवटीला खोचलेलं जुनं मनीऑर्डरचं चिठोरं पुढे करायची. आत्या त्यावरून नाव उतरवून घ्यायची. लालबाग, परळ, डिलाईल रोड, चाळीचं नाव, खोलीचा आकडा. मी लहान होते, तिच्या खांद्याला टेकून ते सगळं वाचायचे. मुंबई मी अशी आधी आत्याच्या अक्षरात पाहिली.

या लिहिण्याचे पैसे तिनं कधी घेतले नाहीत, आणि कुणी विचारलेही नाहीत. कुणी येताना काकडी आणे, कुणी पसाभर कुळीथ, कुणी शेवग्याच्या शेंगा पडवीच्या खांबाला टेकवून ठेवी. हे मोलाचं नव्हे, हे आत्यालाही ठाऊक होतं आणि त्यांनाही. पण रिकाम्या हातानं कुणी येत नसे. तिनं त्या बदल्यात आणखी एक वस्तू दिली, तिच्याबद्दल कुणी बोललं नाही: तिनं जे ऐकलं ते कधी कुणाला सांगितलं नाही. वाडीतल्या कुठल्या घरात काय चाललंय, कुणाच्या कपाळी काय आलंय, हे तिच्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं. पाणवठ्यावर गोष्टी निघाल्या की ती फक्त कळशी भरायची.

एकदा एक बाई आली तिला ताप होता. डोळे लाल, ओठ सुकलेले. बोलताना आधाराला तिनं आत्याचा हात धरला. आत्या पुढे कित्येक वर्षांनी मला सांगायची, "हात नुसता भाजत होता गं." पत्रात बाईनं सांगितलं, "लिव, माझी तब्येत बरी हाय. काळजी करू नको म्हनावं." आत्यानं तिच्याकडे पाहिलं. बाईनं पुन्हा तेच सांगितलं, जरा ठासून. आणि आत्यानं लिहिलं, माझी तब्येत बरी आहे, काळजी करू नये. पत्र चिकटवून झाल्यावर ती उठली, तिनं त्या बाईला काढा करून दिला, रात्री तिच्या घरी जाऊन बसली. पण पत्रात तिनं एक अक्षर बदललं नाही. ते पत्र त्या बाईचं होतं. नवऱ्याला किती कळू द्यायचं, हे ठरवायचा हक्क तिचा होता. लिहिता येतं म्हणून तो आत्याकडे आला नव्हता.

माझ्या समोर मेथी निवडत बसलेल्या मुलीला मी हे दुसऱ्या दिवशी सांगितलं, सच्चिदानंदबाबांचंही सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण मावशी, त्यांना ज्ञानेश्वर सांगत होते. त्यांना चूक कुठे लिहावी लागली?"

मला तिचा फार अभिमान वाटला. आणि मग एकनाथांची आठवण झाली, कारण तिच्या प्रश्नाचं उत्तर मला तरी नाथांपाशीच सापडतं. ज्ञानेश्वरी झाली तेव्हापासून जवळजवळ तीनशे वर्षं ती हातानं उतरवली जात होती. उतरवणारे सगळेच सच्चिदानंदबाबा नव्हते. कुणाची ओळ सुटली, कुणी कानाला गोड लागला तो शब्द घातला, कुणी आपलीच ओवी मध्ये बसवून दिली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी प्रती गोळा करून पाठ शुद्ध केला. त्या वेळी ते नवखे नव्हते, एकनाथी भागवत लिहून झालेलं होतं. स्वतःची हजारो ओव्यांची शक्ती हाताशी असलेला कवी दुसऱ्याच्या ग्रंथातले पाठभेद ताडून पाहतो आणि शेवटी बजावतो, 'ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥' अमृताच्या ताटात करवंटी. आपल्याला येतं, फार चांगलं येतं, म्हणून ते सगळीकडे घालायचं नसतं, हे इतक्या अधिकारानं सांगायला अंगी नाथांएवढीच ताकद लागते. चूक सुधारायचं काम असतंच, पण ते ज्याच्याकडे सोपवलं आहे त्याचं असतं आणि त्यालाही त्यात आपली भर घालायची मुभा नसते. त्या दिवशी त्या खोलीत ती लिहिणारी होती. तपासणारा पुढे कुणी येणार होता. परीक्षा दादाची होती, आणि चुकण्याचा हक्कही त्याचाच होता. त्याचं बरोबर उत्तर जितकं त्याचं, तितकंच हे १२०२ त्याचं.

हे तिला पटलं की नाही, ठाऊक नाही. ती म्हणाली, "एक मार्क गेला असेल त्याचा." तिचा जीव त्या एका मार्कात अडकला होता, आणि मला ते बरंच वाटलं. उत्तर ठाऊक असूनही हात आवरायचा, पण मन मात्र कोरडं होऊ द्यायचं नाही, हे फार अवघड आहे.

आता त्या जिन्यातल्या वाक्याकडे येते. 'फुकट दिलेल्याची किंमत राहत नाही.' हे नुसतं झटकून टाकावं असं वाक्य नाही. आमच्याच ओळखीत एक बाई आहे, रांगोळी अशी काढते की माणूस उंबऱ्यावर थबकतो. प्रत्येक लग्नाला, प्रत्येक वास्तुशांतीला तिला बोलावतात, पहाटे चारपासून ती ओणवी असते. पैशाचा विषय निघाला की "अगं, तुला येतंच ना, तुझ्या हातचा खेळ तो" असं म्हणून तिच्या हातात ब्लाउजपीस ठेवतात. मांडववाल्याला, फोटोवाल्याला, आचाऱ्याला मात्र ठरलेला आकडा. कला वाटावी असं सांगताना आपण कुणाला सांगतो आहोत, हे पाहायला हवं. बहुतेकदा ते बाईला सांगितलं जातं, नवख्याला सांगितलं जातं, ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याला सांगितलं जातं. संतांच्या नावानं कुणाची मजुरी बुडवायला माझी तयारी नाही. ते स्वतः कष्टाचं खात होते. नामदेव शिंप्याचे, गोरोबा चाकावर, सावतोबा मळ्यात. मडक्याचे, कापडाचे, भाजीचे पैसे त्यांनी घेतले असणारच. वाटलं ते वेगळं होतं, आणि ते आपण होऊन वाटलं, कुणी मागून घेतलं नाही.

पण त्या गृहस्थांच्या बोलण्यात एक भीतीही होती, आणि ती फक्त पैशाची नव्हती. मी नोकरीत असताना आमच्या कार्यालयात एक ज्येष्ठ सहकारी होते. सेवानिवृत्तीची प्रकरणं, थकबाकीचे हिशेब, जुने नियम, सगळं त्यांच्या एका काळ्या डायरीत. कुणी विचारलं तर काम चोख करून द्यायचे, रात्री उशिरापर्यंत बसून द्यायचे, पण कसं केलं ते दाखवायचे नाहीत. डायरी ड्रॉवरमध्ये, किल्ली जानव्याला. ते कंजूष नव्हते. त्यांना वाटायचं, हे सगळ्यांना आलं तर मला कोण विचारणार? निवृत्त झाले आणि डायरीही गेली. त्यानंतर कित्येक लोकांची निवृत्तिवेतनं केवळ कुणाला येत नाही म्हणून खोळंबली. मला त्यांचा राग यायचा. आज राग येत नाही, कारण ती भीती मला आत्याच्या घरातही दिसली होती, फक्त तिथं तिचं पुढे काय झालं ते वेगळं होतं.

वरच्या वाडीत एक सून नवीन आली होती, हुशार, चटपटीत. तिला पत्र सांगायला संकोच वाटायचा. नवरा-बायकोचं बोलणं तिसऱ्या माणसाच्या हातून जायचं, ते तिला नको होतं. एका पावसाळ्यात, लावणी झाल्यावर, तिनं आत्याला विचारलं, "बाय, मला शिकवशील?" आत्यानं माझी जुनी पाटी काढली. रोज संध्याकाळी कंदिलाजवळ दोघी बसायच्या. अ, आ नाही, आत्यानं आधी तिला तिचं स्वतःचं नाव शिकवलं, मग घरातल्यांची, मग भात, पाऊस, म्हैस. काना मात्रा चुकले तर आत्या पुसून टाकायची नाही, शेजारी बरोबर अक्षर काढायची. दसरा-दिवाळीच्या सुमाराला त्या सुनेनं पहिलं पत्र स्वतः लिहिलं. अक्षरं एवढाली मोठी की तीन-चार ओळींतच आंतरदेशीय भरलं. भाताच्या शितानं चिकटवलं. आत्याला दाखवलं नाही, पोस्टात टाकून आल्यावर फक्त सांगून गेली. त्यानंतर तिचं येणं कमी झालं, मग थांबलं. पुढे तिनं तिच्या जावेला शिकवलं, शेजारणीची पत्रं तीच लिहायला लागली. आत्याच्या पडवीतली दुपारची वर्दळ विरळ होत गेली. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "बरं वाटलं. आणि थोडं रितंही वाटलं." एवढंच. तिनं ते दोन्ही तसंच ठेवलं, एकानं दुसऱ्याला झाकलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, मनीऑर्डरी आटल्या, पुरुष एकेक करून गावी परतले आणि पत्रांचाच धंदा उठला. पण त्याच्या आधीच आत्या वाडीत नकोशी नव्हे, तरी नसली तरी चालेल अशी झाली होती, आणि ती तिनं स्वतःच्या हातानं घडवून आणलेली गोष्ट होती.

शिक्षकदिनाला सगळीकडे फिरणारी ओळ आपल्याला पाठ असते, जे जे आपणासी ठावे ते ते इतरांसी सांगावे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात, दहाव्या समासात ती ओवी आहे तशी वाचली तेव्हा मी आत्याच्या पाटीपाशीच जाऊन पोचले. 'जितुकें कांहीं आपणासी ठावें । तितुकें हळुहळु सिकवावें । शाहाणें करूनी सोडावें । बहुत जन ॥' समर्थ नुसतं सांगून टाका असं म्हणत नाहीत. याच दशकाचा पहिला समास अक्षर कसं काढावं यावर आहे, वाटोळं, सरळ, मोकळं, शाईचं काळंभोर, ओळी मोत्यांच्या माळांसारख्या. शाई, टाक, कडेचा समास किती सोडावा, इथपर्यंत ते खाली उतरतात. ज्याला शिकवायचंय त्याच्या हातापर्यंत जावं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. सांगून टाकणं आज फार सोपं झालं आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत माझ्या फोनवर लोक मला शहाणं करत असतात. कंदिलाजवळ बसून शेजारी बरोबर अक्षर काढून दाखवणारं माणूस मात्र तेव्हाही दुर्मीळ होतं, आताही आहे. आणि ओवीतला शेवटचा टप्पा, 'सोडावें', तो तर आणखी अवघड. शिकलेलं माणूस आपल्याकडे परत येणार नाही, हे मान्य करून शिकवायचं.

डायरीवाल्या सहकाऱ्यांना ते जमलं नाही आणि आत्याला कसं जमलं, याचा विचार करताना मला तुकोबांचा आधार वाटतो. तुकोबांच्या घरी दुकान होतं, मापानं धान्य मोजून देण्यात त्यांचा हात बसलेला. आपल्या कवितेविषयी ते म्हणतात, 'निमित्त मापासी बैसविलों आहें । मी तों कांहीं नव्हे स्वामिसत्ता ॥' मापाशी बसवलेला माणूस. धान्य त्याचं नाही, घेणारे त्याचे नाहीत, मोजून देणं तेवढं त्याचं. दुसऱ्या एका अभंगात साळुंकी गोड बोलते आणि 'शिकविता धणी वेगळाचि'. हे नुसतं विनयानं म्हटलेलं मला वाटत नाही. ज्याला आपली कला आपली मालमत्ता वाटते, त्याला ती संपण्याची भीती असणारच. माल दुसऱ्याचा आहे असं आतून वाटलं तर रितेपण आलं तरी त्याची धास्ती वाटत नाही. आत्या अभंग म्हणायची नाही, तिला फारसे येतही नसत. पण तिनं कधी 'माझं अक्षर' असं म्हटल्याचं मला आठवत नाही.

आणखी एक अडसर असतो, त्यात भीती नसते, संकोच असतो. मला कुठे तेवढं येतं? नोकरी संपल्यावर मीही हेच म्हणत होते. मला गाता येत नाही, रांगोळी येत नाही, परकी भाषा येत नाही. स्पष्ट वाचता येतं, एवढंच. ज्ञानदेवांनी ग्रंथ संपवताना स्वतःसाठी लिहिलेल्या दोन ओव्या आहेत. 'राजहंसाचें चालणें । भूतळीं जालिया शाहाणें । आणिकें काय कोणें । चालावेचिना ॥' राजहंस डौलात चालतो म्हणून बाकीच्यांनी चालूच नये का? आणि लगेच पुढे, घागर आपल्या मापानं पाणी घेते, तशी ओंजळीत चूळभर पाणी मावतंच ना. ज्यानं हे लिहिलं त्याला आपण माउली म्हणतो, आणि तो स्वतःला चूळभर पाण्याच्या रांगेत बसवतो.

आता शनिवारी सकाळी मी दोन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं मोठ्यानं वाचते, ती ते फोनवर रेकॉर्ड करून घेतात. त्यातला एक जण मला पहिल्याच दिवशी म्हणाला, "मॅडम, भाव नका आणू. भाव मी आणतो. तुम्ही फक्त विरामचिन्हं नीट वाचा." तेव्हापासून मी स्वल्पविरामही जपून घेते. दुसरी इतिहास शिकते, सनावळ्या दोनदा वाचायला लावते. आमची अकरावीतली आता बारावीत आहे, तिची स्वतःची परीक्षा आहे, तिला यंदा जमणार नाही. तिनं तिच्या वर्गातल्या एका मुलाला पाठवलंय आणि जाण्याआधी त्याला काय काय सांगायचं याची वही करून दिली आहे. लेखनिक उमेदवारापेक्षा खालच्या वर्गाचा असावा लागतो, त्यामुळे बी.ए.च्या पेपरांना अकरावी-बारावीची मुलं लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्यांच्याही परीक्षा असतात. राज्यशास्त्राच्या पेपराला माणूस मिळालं आहे. अर्थशास्त्राच्या दोन पेपरांना अजून कुणी नाही.